डोंगराळ राज्यातील फिरती परिचारिका : व्हर्मॉन्टच्या उदाहरणावरून

अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या केंद्रीय आरोग्यविमा योजनेच्या नियमांत अंतर मोजण्याचा एक विलक्षण निकष आढळतो. १९९७ च्या कायद्याने लहान ग्रामीण रुग्णालयांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला. त्यास तिकडे 'क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल' असे म्हणतात. अशा रुग्णालयात २५ पेक्षा अधिक खाटा असू नयेत, रुग्णाचा सरासरी मुक्काम ९६ तासांहून अधिक नसावा, तातडीच्या उपचारांची सोय अहोरात्र असावी, आणि जवळचे दुसरे रुग्णालय ३५ मैलांपलीकडे असावे, अशा अटी आहेत. मात्र प्रदेश डोंगराळ असेल, अगर दुय्यम प्रतीचे रस्तेच काय ते उपलब्ध असतील, तर ३५ ऐवजी १५ मैल पुरतात. डोंगरातील पंधरा मैल हे सपाटीवरील पस्तीस मैलांच्या बरोबरीचे आहेत, हे येथे कायद्याने अंकांत मान्य केले आहे. (या अटीत न बसणाऱ्या रुग्णालयांनाही राज्याने 'आवश्यक' ठरविल्यास २००६ पूर्वी हा दर्जा मिळू शकत असे, हे ओघाने सांगितले पाहिजे.) रस्त्याच्या बाबतीत हे गणित मांडणे सोपे होते. माणसांच्या बाबतीत, आणि विशेषतः रुग्णाच्या खाटेशी बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या परिचारिकेच्या बाबतीत, ते इतके सोपे नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

उदाहरणासाठी व्हर्मॉन्ट हे राज्य घेतले आहे. अमेरिकेच्या ईशान्येस, कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे २४,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रफळाहून किंचित कमी आहे. या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बत्तीस लाखांवर होती. व्हर्मॉन्टची २०२० मध्ये ६,४३,०७७ भरली. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोक ग्रामीण भागात राहतात; हे प्रमाण त्या देशातील सर्व राज्यांत अधिक आहे. उत्तर-दक्षिण पसरलेल्या ग्रीन माउंटन्स या रांगेतील सर्वोच्च शिखर माउंट मॅन्सफील्ड अवघे १,३३९ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणेच आहे. परंतु तेथील डोंगर उंचीमुळे दुर्गम झालेला नसून हिवाळ्यामुळे झालेला आहे. स्टो व जेफर्सनव्हिल यांना जोडणारा स्मगलर्स नॉच हा घाट हिवाळ्यात बंदच असतो. वसंताच्या आरंभी बर्फ वितळू लागले की कच्चे रस्ते चाकांच्या आसांपर्यंत चिखलाने भरतात. राज्यातील निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे असल्यामुळे या काळाला तेथील लोकांनी 'चिखलाचा ऋतू' असे स्वतंत्र नावच देऊन ठेवले आहे. राज्यात सर्वसाधारण रुग्णालये चौदा. त्यांतील आठ वर सांगितलेल्या लहान वर्गातील. टाउनशेंड येथील १९४९ मध्ये स्थापन झालेले ग्रेस कॉटेज हे तर एकोणीस खाटांचे आहे. गंभीर जखमी रुग्णास बर्लिंग्टनला, किंवा शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील लेबननला हलवावे लागते. सीमेवरील न्यूपोर्टहून बर्लिंग्टन पाऊणशे मैलांच्या आसपास पडते.

या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांपैकी काही तेथील रहिवासी नसतात. त्यांस 'ट्रॅव्हल नर्स' म्हणतात. आपण या लेखापुरते त्यांना फिरत्या परिचारिका म्हणू. फिरती परिचारिका रुग्णालयाची नोकर नसून एका मध्यस्थ संस्थेची नोकर असते. रुग्णालय संस्थेशी करार करते, संस्था परिचारिकेशी. कराराची मुदत बहुधा तेरा आठवड्यांची, आणि काम आठवड्यास छत्तीस तासांचे, म्हणजे बारा तासांच्या तीन पाळ्यांचे असते. रुग्णालय संस्थेस तासाला जो दर देते त्यातून संस्था आपला हिस्सा वजा करते व उरलेल्या रकमेतून वेतन आणि निवास-भोजनाचा भत्ता देते. नव्या जागी रुजू झाल्यावर परिचारिकेस माहिती करून घेण्यासाठी एखाद-दुसरी पाळी मिळते. तिसऱ्या पाळीला ती स्वतंत्रपणे रुग्ण सांभाळू लागते. नवशिक्या मुलीस हे शक्य नसल्यामुळे निदान एक-दोन वर्षांचा अनुभव असल्याखेरीज संस्था करार करीत नाहीत. लहान रुग्णालयात तर अधिकच पैलू लागतात: रात्रीच्या पाळीत हृदयविकाराचा रुग्ण, बर्फावरून घसरून मांडी मोडलेला मुलगा आणि प्रसूतीस आलेली स्त्री या तिघांची व्यवस्था त्याच दोन-तीन परिचारिकांनी पाहावयाची असते.

अशा संचारास कायद्याची दोन अंगे साह्य करतात. पहिले अंग परवान्याचे. आपल्याकडे महाराष्ट्रातील परिचारिका महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेकडे नोंद करते, तसाच अमेरिकेतही परवाना राज्याचा असतो. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालावा यासाठी राज्याराज्यांमध्ये जो आपसांतील करार २००० साली अमलात आला व २०१८ मध्ये ज्याची सुधारित आवृत्ती आली, त्यात चाळीसहून अधिक राज्यांनी प्रवेश केला आहे. व्हर्मॉन्ट त्यात १ फेब्रुवारी २०२२ रोजी सामील झाले. त्यापूर्वी टेक्सासच्या परिचारिकेस तेथे यावयाचे तर निराळा अर्ज, शुल्क आणि प्रतीक्षा हे सारे सोसावे लागे.

दुसरे अंग प्राप्तिकराचे आहे, आणि ते अधिक उद्बोधक आहे. घरापासून दूर, तात्पुरत्या कामावर असलेल्या व्यक्तीस मिळणारा निवास-भोजनाचा भत्ता करमुक्त असतो. मात्र तिचे अन्यत्र खरेखुरे घर असले पाहिजे, त्याचा खर्च ती वाहत असली पाहिजे, आणि त्या ठिकाणचे काम एक वर्षाहून अधिक चालेल अशी अपेक्षा असता कामा नये. परिचारिका त्या गावात रमली, तिने वर्षाहून अधिक राहण्याचे ठरविले, की भत्ता करपात्र होतो. म्हणजे तिने तेथील रहिवासी न होण्याबद्दल करव्यवस्था तिला एक प्रकारे पारितोषिकच देत असते. कायदा करणाऱ्यांच्या मनात अर्थातच असे काही नव्हते. त्यांना फिरत्या व्यावसायिकांच्या दुहेरी खर्चाची भरपाई करावयाची होती. या संदर्भात पन्नास मैलांचा एक नियम पुष्कळदा सांगितला जातो. तो कर-कायद्यात नाही. तो अनेक रुग्णालयांनीच घातलेला निर्बंध आहे: आपल्याच परिचारिकेने सोमवारी राजीनामा देऊन पुढच्या सोमवारी मध्यस्थ संस्थेमार्फत वाढीव दराने परत येऊ नये, म्हणून पन्नास मैलांच्या आत राहणाऱ्या परिचारिकेस फिरती म्हणून घ्यावयाचे नाही, असे ठरविलेले असते. ज्या व्यवस्थेत शेजारणीला नकार देऊन दूरस्थेला बोलावावे लागते, तिच्या अर्थशास्त्राकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

डोंगराळ खोऱ्यात रुग्णालय एकच असते. तेथील परिचारिकेला नोकरी बदलावयाची तर घाट ओलांडावा लागतो. श्रम विकत घेणारा एकच असण्याच्या या स्थितीस जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या अपूर्ण स्पर्धेवरील ग्रंथात जी संज्ञा रूढ केली, तिला आपण 'एकक्रेतृत्व' म्हणू. पुढे श्रम-अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून परिचारिकांची बाजारपेठ हेच तिचे ठरीव उदाहरण होऊन बसले. या स्थितीचा मर्मभाग असा की, आणखी एक परिचारिका मिळविण्यासाठी वेतन वाढवावयाचे तर ते आधीच कामावर असलेल्या सर्वांनाच वाढवून द्यावे लागते.

केवळ कल्पित आकडे घेऊन पाहू. एका रुग्णालयात चाळीस परिचारिका आहेत. प्रत्येकीस तासाला ४० डॉलर मिळतात. आणखी चार हव्या आहेत. वेतन ४६ डॉलर केले तर त्या चार परिसरातूनच मिळतील असे समजू. तसे केल्यास चव्वेचाळीस जणींचा ताशी खर्च ४४ गुणिले ४६, म्हणजे २,०२४ डॉलर होईल. त्याऐवजी वेतन आहे तेथेच ठेवून चार फिरत्या परिचारिका तासाला १०० डॉलर दराने आणल्या, तर खर्च १,६०० अधिक ४००, म्हणजे २,००० डॉलर. अडीचपट दर देऊनही रुग्णालयाची बचतच झाली. कारभाऱ्यांचा निर्णय वरवर दिसतो तितका अविचारी नसतो, हे यावरून ध्यानात येईल. शिवाय वेतनवाढ कायमची असते; करार तेरा आठवड्यांनी संपणार आहे, अशी समजूत असते.

पण हे गणित एका गृहीतावर उभे आहे: आधीच्या चाळीस जणी जागच्या हलणार नाहीत. प्रत्यक्षात त्या आणि फिरत्या परिचारिका एकाच कक्षात, एकाच पाळीत काम करतात. कोणाला किती मिळते हे फार दिवस गुप्त राहत नाही. नव्या बाईला औषधांचे कपाट कोठे आहे हे जिने दाखवावयाचे, तिलाच कमी वेतन आहे, हे तिच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. समजा, चाळिसांपैकी एकीने नोकरी सोडली व तीही फिरती झाली. आता एकोणचाळीस जणींचे १,५६० व पाच फिरत्यांचे ५००, मिळून २,०६० डॉलर होतात. म्हणजे सर्वांना वेतनवाढ देण्याच्या पर्यायाहून खर्च अधिक झाला. तिघी गेल्या तर तो २,१८० वर जातो. एका व्यक्तीच्या जाण्याने जे गणित उलटते, त्यास स्थिर म्हणता येणार नाही. आणि ही परिचारिका आपल्याच खोऱ्यात फिरती म्हणून राहू शकत नाही, कारण पन्नास मैलांचा निर्बंध आडवा येतो. ती दुसऱ्या खोऱ्यात, कदाचित दुसऱ्या राज्यात जाते, आणि तिच्या जागी तिसऱ्याच राज्यातून कोणी येते. दोघी एकमेकींच्या गावात परक्या, दोघींचे भाडे दुप्पट, आणि दोन्ही व्यवहारांत मध्यस्थाचा हिस्सा.

ही प्रक्रिया कोविडच्या साथीपूर्वीही चालू होती. वेतनाचा प्रश्न त्या वेळीही धुमसत होता. १२ व १३ जुलै २०१८ या दोन दिवशी बर्लिंग्टनच्या विद्यापीठ-संलग्न वैद्यकीय केंद्रातील परिचारिकांनी संप केला, त्यात कमी वेतन आणि त्यामुळे रिकाम्या राहणाऱ्या जागा हाच वादाचा विषय होता. साथीने वेग मात्र वाढविला. फिरत्या परिचारिकेचे साप्ताहिक वेतन साथीपूर्वी देशात सरासरी दोन हजार डॉलरांच्या आत-बाहेर असे, ते २०२१ च्या अखेरीस तीन हजारांच्या वर गेले. जानेवारी २०२२ मध्ये व्हर्मॉन्टचे तत्कालीन प्रतिनिधी पीटर वेल्च व व्हर्जिनियाचे मॉर्गन ग्रिफिथ यांच्या पुढाकाराने काँग्रेसच्या जवळजवळ दोनशे सदस्यांनी मध्यस्थ संस्थांच्या दरांची चौकशी व्हावी असे पत्र राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीस पाठविले. दोन परस्परविरोधी पक्षांच्या या प्रतिनिधींमध्ये एक साम्य होते: दोघांच्याही मतदारसंघांत डोंगर आणि लहान रुग्णालये पुष्कळ आहेत. त्यानंतर दर उतरले. परंतु फिरत्या परिचारिकांवरील अवलंबन त्या प्रमाणात उतरले नाही.

येथवर पैशाचा विचार झाला. या विषयावर लिहिणारे बहुधा येथेच थांबतात, आणि मला वाटते तेथेच महत्त्वाचा भाग सुटतो.

डोंगरातील शुश्रूषेत स्थळाचे ज्ञान हा कौशल्याचाच एक घटक असतो. रुग्णास घरी सोडण्याचा निर्णय घ्या. वैद्यकीयदृष्ट्या तो घरी जाण्यायोग्य आहे. पण ते घर कच्च्या रस्त्याच्या शेवटच्या चढावर आहे, एप्रिल महिना आहे, प्राणवायूची नळकांडी घेऊन येणारी गाडी तेथवर पोहोचणार नाही, आणि घर तापविण्यासाठी लाकडाची शेगडी असून लाकडे आणून देणारे कोणी नाही. हे सारे रुग्णाच्या नोंदपत्रकात लिहिलेले नसते. गावची परिचारिका पत्त्याचे नाव वाचताच ते ओळखते. तसेच रुग्ण हलविण्याचे. डोंगरावर ढग उतरू लागले की हेलिकॉप्टर येत नाही. मग रुग्णवाहिका, आणि रस्ता निसरडा असेल तर वेळ कितीतरी वाढतो. म्हणून येथे 'आता हलवावे का' या प्रश्नाचा विचार शहरातल्यापेक्षा दोन तास आधी करावा लागतो, आणि तो करणारी व्यक्ती बहुधा परिचारिकाच असते, कारण रुग्णाची बिघडती अवस्था प्रथम तिलाच दिसते. जुलै २०२३ च्या पुरात माँटपेलिअर व बॅरी या शहरांत पाणी शिरले व सभोवारचे रस्ते तुटले. अशा दिवशी कोणता आडमार्ग उघडा असू शकेल, हे ज्याला माहीत असते त्याच्या त्या ज्ञानाला कोणत्याही करारात दर लावलेला नसतो.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. बाहेरून आलेली अनुभवी परिचारिका असे पुष्कळ काही घेऊन येते, की जे एकोणीस किंवा पंचवीस खाटांच्या रुग्णालयात वर्षातून एखाद्या वेळीच पाहावयास मिळते. मोठ्या शहराच्या अतिदक्षता विभागात काढलेली पाच वर्षे ही डोंगरातल्या रात्री एखाद्याचे प्राण वाचवू शकतात. तिच्याविना कित्येक कक्ष बंदच करावे लागले असते. स्प्रिंगफील्ड येथील रुग्णालयाने २०१९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला व त्याच वर्षी प्रसूतिकक्ष बंद केला, तेव्हा तेथील गर्भवतींना प्रसूतीसाठी दुसऱ्या गावची वाट धरावी लागली, ही स्थिती काय असते ते त्यावरून समजते. आणि तिच्या स्वतःच्या वाट्याला येणारे जिणेही लोक समजतात तितके सुखाचे नसते. स्थायी परिचारिकांना नकोशा असणाऱ्या रात्रीच्या पाळ्या तिच्या माथी येतात. एखाद्या विभागात माणूस कमी पडले की प्रथम तिलाच तिकडे धाडतात. रुग्णसंख्या घटली की करार मुदतीपूर्वी संपविला जाऊ शकतो. सकाळी सात वाजता पाळी संपवून, मोबाईलला संपर्क नसलेल्या घाटातून, बर्फावर गाडी हाकीत ती ज्या खोलीवर जाते, ती खोली मिळणेच मुळात कठीण असते. व्हर्मॉन्टमधील घरांपैकी फार मोठा हिस्सा बाहेरच्यांच्या सुट्टीतील घरांचा आहे, आणि ऐन हिवाळ्यात, जेव्हा रुग्णालयाला तिची निकड असते, तेव्हाच बर्फावरील खेळांसाठी येणाऱ्या पाहुण्यांनी भाडी चढविलेली असतात.

परिचारिकेने डोंगरात फिरणे ही कल्पना त्या देशात नवी नाही. तिचा अर्थ मात्र एकेकाळी नेमका उलट होता. केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगरात, लेस्ली परगण्यात, मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ मध्ये मातांच्या व बालकांच्या शुश्रूषेसाठी जी संस्था काढली, ती १९२८ पासून फ्रॉन्टिअर नर्सिंग सर्व्हिस या नावाने प्रसिद्ध झाली. ब्रेकिन्रिज यांनी प्रसूतिविद्येचे शिक्षण इंग्लंडात घेतले होते व स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातील आरोग्यसेवेचा नमुना त्यांच्यासमोर होता. त्यांच्या परिचारिका घोड्यावरून फिरत. पण त्या फिरत त्या ठरीव परिघात. केंद्रापासून साधारण पाच मैलांच्या टापूत. केंद्र म्हणजे दवाखाना आणि परिचारिकेचे राहते घर, दोन्ही एकाच छपराखाली. त्या बाहेरून, कित्येक तर इंग्लंडातून आलेल्या होत्या. तरी त्यांना कोणत्या ओढ्याला केव्हा उतार मिळतो हे ठाऊक असे. येथे घरे स्थिर होती आणि परिचारिका त्यांच्याकडे जात होती. आजच्या करारात परिचारिका दाराशी येते ती राज्याच्या सीमा ओलांडून, आणि ओढे पाठ होण्यापूर्वी निघून जाते.

या व्यवस्थेचा खर्च अखेर कोण सोसतो? लहान वर्गातील रुग्णालयांना मेडिकेअर आपल्या रुग्णांपुरता, मान्य खर्चाच्या १०१ टक्के या हिशेबाने मोबदला देते. त्यामुळे फिरत्या परिचारिकांच्या दराचा एक भाग केंद्राच्या तिजोरीवर पडतो. उरलेला भाग खाजगी विम्याच्या हप्त्यांतून वसूल करावा लागतो. व्हर्मॉन्टमध्ये २०११ च्या कायद्याने स्थापन झालेले ग्रीन माउंटन केअर बोर्ड दरवर्षी रुग्णालयांची अंदाजपत्रके तपासून मंजूर करते. त्या कायद्यामागील सर्वांसाठी एकाच सरकारी विम्याची मूळ योजना डिसेंबर २०१४ मध्ये सोडून देण्यात आली; हे बोर्ड तेवढे राहिले. २०२२ च्या सुमारास रुग्णालयांनी या बोर्डापुढे दरवाढीची जी कारणे मांडली, त्यांत फिरत्या परिचारिकांचा खर्च अग्रभागी होता. म्हणजे खोऱ्यातील शेतकऱ्याने विम्याचा वाढीव हप्ता भरावयाचा, आणि त्या रकमेतून टेक्सासातील घराचे हप्ते व मध्यस्थ संस्थेचा नफा भागावयाचा, असा हा प्रवाह आहे. शिवाय मेन, न्यू हॅम्पशायर व व्हर्मॉन्ट ही त्या देशातील सर्वांत वयोवृद्ध लोकसंख्येची राज्ये असल्याने रुग्ण वाढत जाणार आणि परिचारिका निवृत्त होत जाणार, हे उघड आहे.

आपल्याकडील अभ्यासकांना येथे तुलनेचा मोह होईल. ती करताना एक भेद विसरू नये. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी परिचारिकेस कायम परिचारिकेपेक्षा कमी मिळते, अधिक नव्हे. आणि वेतन एखादे खोऱ्यातील रुग्णालय ठरवीत नसून शासन ठरविते. तेव्हा वर मांडलेले एकक्रेतृत्वाचे गणित धडगाव किंवा भामरागडला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. स्थळज्ञानाचा मुद्दा मात्र तेथेही लागू आहे, किंबहुना तेथे भाषेचा प्रश्नही त्यात मिसळतो. कंत्राट महाग असो की स्वस्त, मुदत संपताच निघून जाणाऱ्या व्यक्तीबरोबर कोणती माहिती निघून जाते, हे मोजण्याची पद्धत आपल्या विद्यार्थ्यांनी बसविली तर तो मोलाचा अभ्यास होईल.

व्हर्मॉन्टने योजलेले उपाय शिक्षण व निवास या दोन दिशांचे आहेत. राज्यात राहून काम करण्याची हमी देणाऱ्या विद्यार्थिनींस कर्जमाफी देण्यात येते. त्यातील अडचण अशी की शिकविणाऱ्या परिचारिकांचाच तुटवडा आहे: अध्यापिकेचे वेतन रुग्णाजवळ काम करणारीपेक्षा कमी, आणि फिरतीच्या तुलनेत तर फारच कमी असल्यामुळे, पात्र अर्जदार असूनही वर्ग वाढविता येत नाहीत. म्हणजे फिरत्या परिचारिकेच्या दराची झळ वर्गखोलीपर्यंत पोहोचते. निवासाच्या बाबतीत बर्लिंग्टनच्या वैद्यकीय केंद्राने शेजारच्या साउथ बर्लिंग्टन येथे आपल्या कर्मचाऱ्यांसाठी सदनिका उपलब्ध करून देण्याचा मार्ग धरला आहे. मोठ्या केंद्राला ते झेपते. एकोणीस खाटांच्या रुग्णालयाने सदनिका बांधावयाच्या तर त्यासाठी भांडवल कोठून आणावे, आणि फिरत्या परिचारिकांवर जाणाऱ्या रकमेचा काही भाग तिकडे वळविण्यास बोर्डाने अंदाजपत्रकात मुभा द्यावी काय, हा प्रश्न तेथील लहान गावांपुढे उभा आहे.